घरी फोटो छापायचेत की छोटं दुकान टाकायचंय? इंकजेट फोटो प्रिंटर कसा पारखायचा

मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात, पण कागदावरच्या फोटोची गरज ठरावीक वेळीच पडते. शाळेच्या फॉर्मला पासपोर्ट फोटो लागतो. बारसं, साखरपुडा, हळद, लग्न, फर्स्ट कम्युनियन यांचे अल्बम करायचे असतात. आणि घरातलं कुणी गेलं की दहाव्या-तेराव्याच्या आत भिंतीवर लावायचा मोठा फोटो हवा असतो. तो बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एखाद्या फाइलमधून काढावा लागतो.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोरवा ही गावं लागतात. एका बाजूला खाडी आणि मिठागरं, पुढे समुद्र. इथून दर वेळी स्टेशनकडच्या लॅबमध्ये जाण्यापेक्षा घरीच एक फोटो प्रिंटर घ्यावा, किंवा गावात झेरॉक्स-पासपोर्ट फोटोचं छोटं दुकान टाकावं, असं अनेकांच्या मनात येतं. मग ऑनलाइन शोध सुरू होतो आणि समोर येतात ५७६० डीपीआय, ७,५०० पानं, बॉर्डरलेस, वायफाय असे शब्द.

या शब्दांवरून प्रिंटर चांगला की वाईट हे फारसं कळत नाही. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: महिन्याला किती फोटो छापणार? ते किती वर्षं टिकायला हवेत? आणि प्रिंटर व फोटो कुठल्या हवेत राहणार? तिसरा प्रश्न जाहिरातीत कधीच नसतो, पण किनाऱ्यावरच्या घरासाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

थोडक्यात सांगायचं तर

- महिन्याला पंधरा-वीस फोटोच छापायचे असतील तर प्रिंटर घेऊ नका, लॅब स्वस्त पडते.
- आठवड्यातून एकदा तरी रंगीत छपाई होणार असेल तरच इंकजेट घ्या. न वापरता ठेवलेला इंकजेट खराब होतो.
- अल्बम आणि पासपोर्ट फोटोसाठी सहा रंगांचा, डाय शाईचा टँक प्रिंटर पुरेसा आहे.
- विकायच्या किंवा भिंतीवर वर्षानुवर्षं राहणाऱ्या प्रिंटसाठी पिगमेंट शाई आणि चांगला कागद हवा.
- दमट हवेत कागद, शाई आणि प्रिंट तिन्ही जपावे लागतात. तो खर्चही हिशेबात धरा.

इंकजेट चालतो कसा?

इंकजेटच्या हेडमध्ये केसाहूनही बारीक छिद्रं असतात. त्यांना नोझल म्हणतात. त्यांतून शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर फेकले जातात. फोटो प्रिंटरमधला थेंब अवघा दीड-दोन पिकोलिटरचा असू शकतो. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग.

थेंब फेकण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली उष्णतेची. शाई क्षणभर तापवली की बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. कॅनन आणि एचपी ही पद्धत वापरतात. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजला लागली आणि सुईतून शाई उडाली, त्यातून ही कल्पना सुचली असं कॅनन सांगते. एचपीचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला.

दुसरी पद्धत पिझोची. वीज दिली की आकार बदलणारा एक पदार्थ शाईवर दाब देतो आणि थेंब बाहेर पडतो. एप्सन ही पद्धत वापरते. ब्रदरचे इंकजेटही याच पद्धतीचे.

ग्राहकाला या फरकाशी काय देणं-घेणं? देणं-घेणं आहे ते दुरुस्तीशी. उष्णतेच्या पद्धतीचं हेड तुलनेने स्वस्त असतं आणि अनेक मॉडेलमध्ये ते घरच्या घरी बदलता येतं. पिझो हेड जास्त काळ टिकतं, पण ते मशीनमध्ये पक्कं बसवलेलं असतं. कायमचं तुंबलं तर तंत्रज्ञ बोलवावा लागतो आणि बिल मोठं येतं. त्यामुळे खरेदीआधी विचारा: याचं हेड कोण बदलतं, कितीला बदलतं, आणि सर्व्हिस सेंटर भाईंदर-मीरारोडमध्ये आहे की अंधेरीला जावं लागेल?

डाय की पिगमेंट: इथेच खरा निर्णय होतो

इंकजेटची शाई दोन प्रकारची असते. डाय शाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, सरबतात साखर विरघळते तसा. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण द्रवात तरंगत असतात.

डाय शाई कागदाच्या थरात मुरते. म्हणून चकचकीत कागदावर रंग भडक आणि एकसारखे दिसतात, शाई स्वस्त पडते आणि तुंबण्याचं प्रमाण थोडं कमी असतं. पण उजेड, ओलावा आणि हवेतला ओझोन यांचा तिच्यावर लवकर परिणाम होतो. पाण्याचा थेंब पडला तर साध्या कागदावर ती पसरते.

पिगमेंटचे कण कागदाच्या पृष्ठभागाजवळ बसतात. ते पाणी आणि उजेड जास्त सोसतात. मॅट आणि कॉटन कागदावर त्यांचा काळा रंग खोल दिसतो. मात्र शाई महाग असते आणि चकचकीत कागदावर तिरप्या कोनातून पाहिलं तर कधी कधी शाई असलेला आणि नसलेला भाग वेगवेगळा चमकतो.

२००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरच्या बाबतीत हा फरक जगाला कळला. प्रिंट सुंदर यायच्या, पण काही ग्राहकांकडे त्या थोड्याच काळात नारिंगी पडू लागल्या. सगळ्यांकडे मात्र तसं झालं नाही. नंतर कारण समजलं. हवेतला ओझोन सच्छिद्र फोटो पेपरमधून आत शिरून निळसर डाय खात होता. निळा उडाला की उरतो तो लाल-पिवळा. ज्यांच्या प्रिंट काचेमागे किंवा अल्बममध्ये होत्या, त्या बऱ्याच अंशी वाचल्या. त्यानंतर डाय शाया खूप सुधारल्या आहेत, पण ‘उघडा लटकवलेला फोटो आधी जातो’ हा धडा आजही तितकाच खरा आहे.

म्हणून ‘१०० वर्षं टिकेल’ अशी ओळ वाचली की पुढचं वाक्य शोधा. कंपन्या अल्बममधल्या, काचेमागच्या आणि उघड्या फोटोसाठी वेगवेगळे आकडे देतात आणि जाहिरातीत सहसा सगळ्यात मोठा आकडा येतो. प्रिंटच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेली अमेरिकेतली विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही संस्था आपले आकडे २४ अंश तापमान, ६० टक्के आर्द्रता आणि दिवसाला बारा तास ४५० लक्स उजेड धरून काढते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि उन्हाळ्यात घरातलं तापमान सहज ३२-३३ अंशांवर जातं. म्हणजे तो आकडा दोन शायांची तुलना करायला उपयोगी आहे, मोरव्यातल्या भिंतीवरचा फोटो तेवढी वर्षं टिकेल याची हमी म्हणून नाही.

रंग किती हवेत?

साध्या प्रिंटरमध्ये चार रंग असतात: निळसर (सायन), गुलाबी (मॅजेंटा), पिवळा आणि काळा. ऑफिसच्या कामाला ते पुरतात. फोटोत अडचण येते ती फिकट भागात. गालावरची हलकी सावली किंवा आकाशाचा फिका निळा दाखवायला चार रंगांचा प्रिंटर गडद थेंब दूर दूर टाकतो. जवळून पाहिलं तर ते दाण्यांसारखे दिसतात.

सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये फिका सायन आणि फिका मॅजेंटा जास्तीचे असतात, म्हणून त्वचा मऊ आणि सलग दिसते. एप्सनचा एल८०५० (ए४) आणि एल१८०५० (ए३ प्लस, म्हणजे १३ बाय १९ इंचांपर्यंत) या गटातले. कॅननने पिक्स्मा जी६७० मध्ये वेगळा मार्ग घेतला. तिथे जास्तीचे दोन रंग लाल आणि राखाडी आहेत. लाल रंगामुळे हळदीकुंकवाचे, शालूचे रंग खुलतात आणि राखाडीमुळे कृष्णधवल फोटोवर रंगाची झाक कमी येते.

आठ-दहा रंगांचे प्रिंटर व्यावसायिकांसाठी. उदाहरणार्थ, कॅननचा इमेजप्रोग्राफ प्रो-३०० किंवा एप्सनची शुअरकलर पी७०० मालिका. यांत पिगमेंट शाई असते, राखाडी शाई असते, आणि मॅट व चकचकीत कागदासाठी वेगवेगळा काळा असतो. पण यांत टँक नसून छोटी कार्ट्रिज असतात. प्रो-३०० चं एक कार्ट्रिज १४.४ मिलिलिटरचं आहे, तर एल८०५० ची एक बाटली ७० मिलिलिटरची. मशीनची किंमत पाहताना हा फरक विसरू नका.

एक गोष्ट खास तपासा. अनेक ऑफिस टँक प्रिंटरमध्ये तीन रंग डायचे आणि काळी शाई पिगमेंटची असते. चकचकीत फोटो पेपरवर ही काळी शाई नीट बसत नाही, म्हणून प्रिंटर ती वापरतच नाही. उरलेले तीन रंग मिसळून काळा तयार करतो. परिणाम काय, तर केस तपकिरी आणि काळा कोट मळकट दिसतो. ‘फोटोही छापतो’ असं सांगून विकलेल्या प्रिंटरबद्दलची तक्रार बऱ्याचदा इथून सुरू होते.

डीपीआयचा मोठा आकडा

५७६० डीपीआय म्हणजे प्रिंटर एका इंचात तितक्या जागी थेंब टाकू शकतो. फोटोत तितका तपशील येतो असा त्याचा अर्थ नाही. हातात धरून पाहायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल पुरतात. हिशेब असा: ४ बाय ६ इंचांच्या फोटोला १२०० × १८०० पिक्सेल, म्हणजे दोन मेगापिक्सेलहून थोडं जास्त. ए४ ला २४८० × ३५०८, म्हणजे साधारण पावणेनऊ मेगापिक्सेल. आजचा कुठलाही बरा मोबाइल हे देतो.

अडचण व्हॉट्सअ‍ॅपची आहे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचन पावतो, त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची होते. त्यातून ५ बाय ७ पर्यंतचा फोटो चांगला येतो. १२ बाय १८ काढला तर चेहरा पसरट आणि डागाळलेला दिसतो आणि दोष प्रिंटरला दिला जातो. म्हणून नातेवाइकांकडून फोटो मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा. जुना कागदी फोटो असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढू नका, ६०० डीपीआयला स्कॅन करा.

खारी हवा आणि पावसाळा

मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. म्हणून खाडी-मिठागरांच्या शेजारच्या घरात कपडे उशिरा सुकतात, खिळे लवकर गंजतात. हाच त्रास प्रिंटरलाही होतो.

*कागद ओल पितो.* फोटो पेपरचा वरचा थर शाई शोषण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे तो हवेतली वाफही शोषतो. ओलसर कागद वाकतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि शाई वाळायला वेळ लागतो. उघडं पाकीट झिप असलेल्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवा. ट्रेमध्ये कागद रात्रभर ठेवू नका. लागतील तेवढीच पानं काढा.

*प्रिंट लगेच बंद करू नका.* पावसाळ्यात छापलेले फोटो एकावर एक रचू नका. निदान काही तास वेगळे पसरून ठेवा आणि फ्रेम करायचा असेल तर २४ तास थांबा. शाईतले द्रव पूर्ण उडाले नाहीत तर काचेच्या आतून धुरकट थर जमतो.

*नोझल वाळतात.* दमट हवेत शाई वाळणार नाही असं वाटू शकतं, पण एसी लावलेल्या खोलीत आणि डिसेंबर-जानेवारीत ती वाळते. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. बटण दाबल्यावर हेड टोपीखाली जाऊन बसतं. थेट भिंतीवरचा स्विच बंद केला किंवा छपाई सुरू असताना वीज गेली तर हेड उघडंच राहतं. वीज वारंवार जात असेल तर छोटा यूपीएस घ्या. त्याचा खर्च एका हेडपेक्षा कमी आहे.

*हेड क्लीनिंग फुकट नसतं.* प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई वाया जाते आणि ती मशीनच्या आत एका स्पंजसारख्या पॅडमध्ये जमते. पॅड भरला की प्रिंटर काम थांबवतो. काही मॉडेलमध्ये हा डबा ग्राहकालाच बदलता येतो, काहींत सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. विकत घेताना हे विचाराच. आठवड्यातून एक रंगीत पान छापणं हे महिन्यातून दोनदा क्लीनिंग करण्यापेक्षा स्वस्त आहे.

*जागा निवडा.* खिडकीजवळ, खाडीच्या वाऱ्याच्या तोंडाशी किंवा बाहेरच्या भिंतीला चिकटून प्रिंटर ठेवू नका. वापर नसताना त्यावर सुती कापड टाका. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली ओल कोंडते.

खर्चाचं गणित: एका फोटोला खरोखर किती पडतात?

जाहिरातीत ‘७,५०० रंगीत पानं’ लिहिलेलं असतं. ती पानं म्हणजे फोटो नव्हेत. पानांचे आकडे आयएसओ/आयईसी २४७१२ या प्रमाणित संचासारख्या ऑफिसच्या पानांवर काढतात. त्यांवर मजकूर, थोडी चित्रं आणि पुष्कळ कोरी जागा असते. फोटोत कोरी जागाच नसते, कागदाचा प्रत्येक कोपरा शाईने भरतो.

फोटोचा आकडा वेगळा पाहायचा. एप्सनने एल८०५ या आपल्या जुन्या लोकप्रिय मॉडेलसाठी सहा बाटल्यांत ४ बाय ६ चे १,८०० फोटो असा दावा केला होता. सहा बाटल्या म्हणजे ४२० मिलिलिटर, म्हणजे एका फोटोला साधारण पाव मिलिलिटर शाई. हे माप लक्षात ठेवलं की कुठल्याही प्रिंटरचा अंदाज बांधता येतो.

आता उदाहरणासाठी काही किमती धरू. दर बदलत असतात, म्हणून तुमच्या दुकानातले भाव घालून हा हिशेब पुन्हा करा.

- प्रिंटर: २४,००० रुपये, तीन वर्षं वापरणार
- शाई: एक बाटली ६०० रुपये, सहा बाटल्या ३,६०० रुपये, म्हणजे एका फोटोला २ रुपये
- कागद: एका फोटोला ३ रुपये
- लॅबचा दर: एका फोटोला १२ रुपये

शाई आणि कागद मिळून ५ रुपये. लॅबच्या तुलनेत प्रत्येक फोटोमागे ७ रुपये वाचतात. २४,००० भागिले ७ म्हणजे जवळपास ३,४३० फोटो छापल्यावर प्रिंटरची किंमत वसूल होते. तीन वर्षांच्या हिशेबाने महिन्याला सुमारे ९५ फोटो.

महिन्याला २० फोटो छापणाऱ्या घरात तीन वर्षांत ७२० फोटो होतील. प्रिंटरचा वाटाच एका फोटोला ३३ रुपये पडतो, म्हणजे एकूण ३८. लॅबच्या तिप्पट! उलट महिन्याला ३०० फोटो छापणाऱ्या दुकानात हा वाटा सव्वादोन रुपयांवर येतो आणि फोटो सव्वासात रुपयांत पडतो. यात दहा टक्के खराब प्रिंट आणि क्लीनिंगची शाई धरली तरी दुकानाचा हिशेब जमतो.

घरचा हिशेब पैशांत जमत नसेल तरी सोय ही गोष्ट उरते. रात्री अकराला शाळेचा प्रोजेक्ट छापता येणं याचीही किंमत असते. फक्त ती किंमत मोजून घेतलेली बरी.

कुणी काय घ्यावं?

*घर, कधीतरी फोटो.* प्रिंटर नको. फोटो निवडून दोन महिन्यांतून एकदा लॅबमध्ये द्या. कागदपत्रांसाठीच प्रिंटर हवा असेल तर लेझरचा विचार करा, तो महिनाभर बंद राहिला तरी बिघडत नाही.

*घर, मुलांचे प्रोजेक्ट आणि नियमित फोटो.* सहा रंगांचा ए४ टँक प्रिंटर. चार रंगांचा घेणार असाल तर काळी शाई डायची आहे का ते पाहा.

*झेरॉक्स-पासपोर्ट फोटोचं दुकान.* सहा रंगांचा टँक प्रिंटर हेच मुख्य साधन. भारतीय कामांसाठी ३५ × ४५ मिलिमीटर आणि काही परदेशी व्हिसांसाठी २ × २ इंच हे आकार तयार ठेवा. गिऱ्हाईक उभं असताना ओला फोटो कापावा लागतो, त्यामुळे लवकर वाळणारा सच्छिद्र थराचा कागद घ्या. कागदपत्रांसाठी वेगळा लेझर ठेवला तर फोटो प्रिंटरचं आयुष्य वाढतं.

*लग्न-समारंभाचा फोटोग्राफर.* हॉलवरच फोटो हातात द्यायचे असतील तर इंकजेटपेक्षा डाय-सब्लिमेशन प्रिंटर पाहा. त्यात रंगाची रिबन तापवून रंग कागदावर उतरतो आणि वरून संरक्षक थर बसतो. फोटो काही सेकंदांत कोरडाच बाहेर येतो, दमट हवेतही. अल्बम मात्र लॅबमध्येच परवडतात. गंमत म्हणजे आज अनेक लॅबही रसायनांऐवजी इंकजेटवर चालतात. एप्सनची शुअरलॅब आणि फुजीफिल्मची काही यंत्रं याच जातीची.

*प्रदर्शन, विक्री, आर्ट प्रिंट.* पिगमेंट, आठ ते दहा रंग, निदान १३ इंच रुंदी. महिन्याला काही मोजक्याच प्रिंट विकत असाल तर मुंबईतल्या आर्ट प्रिंट स्टुडिओकडून छापून घेणं स्वस्त. मशीन बंद राहिलं तर हेडबरोबर महाग शाईही वाया जाते.

दुकानात जाऊन काय तपासाल?

विक्रेत्याने दाखवलेली फुलांची आणि पोपटाची प्रिंट पाहून ठरवू नका. ती कुठल्याही प्रिंटरवर छान येते. पेनड्राइव्हमध्ये तुमच्या तीन फाइल न्या.

१. सावळ्या आणि गोऱ्या त्वचेचे चेहरे एकत्र असलेला, सावलीत काढलेला फोटो. गालावर दाणे दिसतात का, त्वचा लालसर किंवा हिरवट होते का ते पाहा.

२. कृष्णधवल फोटो. तो खिडकीच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली पाहा. दोन्हीकडे राखाडीच दिसला पाहिजे.

३. काळे केस, काळा कोट किंवा गर्द साडी असलेला फोटो. काठ आणि घड्या वेगळ्या दिसतात की सगळा एकच काळा ठिपका होतो?

त्याआधी ‘नोझल चेक’ छापायला सांगा. रेषा कुठे तुटलेल्या असतील तर आधी क्लीनिंग, मग परीक्षा. प्रिंट तिरपी धरून आडव्या पट्ट्या दिसतात का पाहा. बॉर्डरलेस ४ बाय ६ ला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा, तेही ‘हाय क्वालिटी’ लावून. जाहिरातीतला वेग बहुतेकदा ड्राफ्टचा असतो. शेवटी वॉरंटी वाचा. अनेकदा ती ‘अमुक वर्षं किंवा अमुक प्रिंट, जे आधी होईल ते’ अशी असते. दुकानासाठी दुसरी अट लवकर संपते.

स्क्रीनवर उजळ, कागदावर काळपट का?

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि दोष बहुतेक वेळा प्रिंटरचा नसतो. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो. मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करून, शेजारी कोरा पांढरा कागद धरून दोन्ही सारखे वाटतील इतका ठेवा. मग फोटो तपासा.

दुसरं, प्रिंट सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा. ग्लॉसी कागद घालून ‘प्लेन पेपर’ ठेवलं तर शाईचं प्रमाणच चुकतं. तिसरं, कागदाची योग्य बाजू. ओलसर बोट कोपऱ्याला लावा, किंचित चिकटते ती छपाईची बाजू. व्यावसायिक कामात प्रत्येक शाई-कागद जोडीसाठी आयसीसी प्रोफाइल लागते. ते सॉफ्टवेअर आणि प्रिंटर या दोघांनीही एकाच वेळी लावलं तर रंग बिघडतात, म्हणून एकाचं बंद ठेवा.

भिंतीवरचा फोटो टिकवायचा तर

एखाद्या घरात आजी-आजोबांचा तो एकच फोटो असतो. त्यासाठी चार गोष्टी कराच. पिगमेंट शाईची प्रिंट काढून घ्या, लॅबला तसं स्पष्ट विचारा. फोटो थेट काचेला टेकवू नका. मधे माउंटची चौकट ठेवा, नाहीतर पावसाळ्यात शाईचा थर काचेला चिकटतो आणि काढताना फाटतो. फ्रेम ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आणि लावावीच लागली तर मागे छोटे रबरी गोळे चिकटवून हवा खेळती ठेवा. ऊन थेट पडेल अशी जागा टाळा. ताज्या फुलांचा हार फ्रेमवरून घालत असाल तर ओल आत जाऊ नये म्हणून मागची बाजू टेपने नीट बंद करून घ्या.

आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. प्रिंट पुन्हा काढता येते, फाइल गेली तर काहीच उरत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बाजारातली स्वस्त शाई भरली तर चालेल का?*
चालते, पण रंग बदलतात, टिकण्याचा अंदाज राहत नाही आणि हेड तुंबलं तर वॉरंटीचा वाद होतो. पासपोर्ट फोटोला कुणी हा धोका पत्करतं, अल्बमला पत्करू नये.

*आधार कार्ड पीव्हीसीवर छापून देता येईल का?*
एल८०५० सारखे प्रिंटर पीव्हीसी कार्डवर छापू शकतात. पण बाजारात छापलेल्या पीव्हीसी आधारमध्ये सुरक्षा चिन्हं नसतात, म्हणून यूआयडीएआयने जानेवारी २०२२ मध्ये त्यांचा वापर टाळायला सांगितलं आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकाला यूआयडीएआयकडे ऑनलाइन ऑर्डर भरून द्यावी. शाळेची, क्रिकेट मंडळाची ओळखपत्रं छापायला हरकत नाही.

*जुना प्रिंटर घेऊ का?*
नोझल चेक समोर छापून पाहा आणि वेस्ट इंक पॅड कधी बदलला ते विचारा. दोन्हीचं समाधानकारक उत्तर नसेल तर सोडून द्या.

*बिघडलेल्या प्रिंटरचं काय करायचं?*
प्रिंटर आणि कार्ट्रिज ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत येतात. ते घरच्या कचऱ्यात टाकू नका. कंपनीकडे किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. उरलेली शाई गटारात ओतू नका, इथलं गटार पुढे खाडीलाच मिळतं.